झाडांची राख, भांड्यावरचा देखावा

चुलीतली राख आपल्याकडे भांडी घासायला गेली, नाहीतर परसातल्या झाडांच्या बुडाशी. चीनमध्ये सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, शांग राजवटीत, तिचा आणखी एक गुण कुंभारांच्या ध्यानात आला. लाकडाची भट्टी १,२०० अंश सेल्सियसच्या पुढे तापली, की ज्वाळांबरोबर उडालेली राख भांड्यांच्या खांद्यावर बसते आणि तिथेच वितळून तिची काच होते. राखेतला चुना आणि पोटॅश मातीतल्या सिलिकाला वितळायला लावतात. पुढे राख पाण्यात कालवून मुद्दाम लावली जाऊ लागली.

बोगद्यासारखी बंदिस्त भट्टी पाचव्या शतकात कोरियातून जपानला गेली. तिथल्या शिगाराकीचे रांजण म्हणजे शेतकऱ्यांचं बी-बियाणं साठवायची ओबडधोबड भांडी. सोळाव्या शतकात चहाविधीच्या जाणकारांनी ती बैठकीत आणली. असा एखादा रांजण जवळून पाहावा. आगीकडची बाजू तांबूस भाजलेली, मातीतल्या फेल्डस्पार या खनिजाचे खडे पांढरे होऊन वर आलेले आणि खांद्यावरून ओघळलेली हिरवी काच पोटावर थेंब होऊन थबकलेली. त्या थेंबाला ‘बिदोरो’ म्हणतात, काचेसाठीच्या ‘व्हिद्रो’ या पोर्तुगीज शब्दावरून. या साऱ्या खुणा मिळून ‘केशिकी’, म्हणजे देखावा. डोंगरदऱ्यांच्या दृश्यालाही जपानीत हाच शब्द! शेजारच्या इगातलं पाण्याचं एक भांडं भट्टीत बुडाशी चिरलं, तर त्याचंही कौतुक झालं. ‘फाटकी पिशवी’ या नावाने ते टोकियोच्या गोतो संग्रहालयात आहे.

इंग्लंडमध्ये सेंट आइव्हजला बर्नार्ड लीच आणि हामादा शोजी या कुंभारांनी १९२०मध्ये काम सुरू केलं. तिथे १९२४मध्ये शिकायला आलेल्या कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी मला सर्वांत जवळच्या वाटतात. पुढच्याच वर्षी त्यांनी कोलशिलला, घरच्या इस्टेटीत, भट्टी घातली. तिथली झाडंझुडपं वेगवेगळी जाळून त्यांनी एकेकाच्या राखेचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, करून पाहिलं. गवताच्या राखेत सिलिका भरपूर, म्हणून ती दुधाळ उतरते. लाकडाच्या राखेत चुना जास्त, ती पातळ होऊन ओघळते. आपली भांडी पाहून लोकांना चिनी भांडी आठवू नयेत, तर गोटे, शिंपले, पक्ष्यांची अंडी आणि शेवाळलेले दगड आठवावेत, असं त्यांनी १९३०मध्ये लीचना कळवलं होतं.

त्याच जातीचं झाड दुसऱ्या जमिनीत वाढलं, तर राखेतली द्रव्यं बदलतात आणि ग्लेझचा रंगही. एका झाडाची राख संपली, की तो रंग पुन्हा मिळेलच असं नाही.