ब्राइडकर्कचं बाप्तिस्मा कुंड

इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रियामध्ये कॉकरमथ गावापासून साधारण 3 किलोमीटरवर ब्राइडकर्क नावाचं छोटंसं खेडं आहे, तिथल्या सेंट ब्रिजेट चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीचं पाणी ठेवायचं हे 12व्या शतकातलं कोरीव दगडी कुंड आहे. नॉर्मन काळातली (1066 नंतर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजांच्या काळातली) अशी कुंडं इंग्लंडमध्ये गावोगाव बघायला मिळतात, मग याचंच एवढं कौतुक का, तर याच्यावर घडवणाऱ्याचं नाव आहे आणि बहुतेक तो स्वतःही आहे, चक्क काम करताना. त्या काळातल्या पाथरवटांची नावं सहसा कुणी लिहून ठेवत नसे, त्यामुळे हे प्रकरण दुर्मिळच म्हणायचं.

चर्चची आत्ताची इमारत तशी नवीन, 1868 ते 1870 मध्ये बांधलेली. जुन्या चर्चची नॉर्मन दारं तेवढी नव्या बांधकामात घेतली आणि कुंड आत आणून ठेवलं. असं खूप ठिकाणी झालंय, इमारत पडते, वाढते, बदलते पण कुंड तेच राहतं, कारण गावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा बाप्तिस्मा त्यातच झालेला असतो. मध्ययुगात तान्ह्या बाळाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायची पद्धत होती म्हणून कुंडं चांगली खोल असायची. दगडात पाणी झिरपतं म्हणून आतून बऱ्याचदा शिशाचा पत्रा लावत. मंतरलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी पळवतात अशी भीती होती, त्यामुळे 1236 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम काढला. जुन्या कुंडांच्या काठावर आजही कडीकोयंड्याच्या खुणा दिसतात त्या यामुळेच. पुढे 1645 मध्ये प्युरिटन (चर्चमधले जुने कॅथलिक रिवाज मोडून काढणाऱ्या कडव्या पंथाच्या) वळणाच्या पार्लमेंटनं जुन्या जागी ठेवलेल्या कुंडांत बाप्तिस्मा द्यायलाच मनाई केली, तेव्हा कित्येक कुंडं फोडली गेली किंवा गुरांना पाणी पाजायला गेली. ब्राइडकर्कचं त्यातनंही वाचलं.

कुंड चौकोनी आहे, चारही बाजूंनी कोरलेलं. एका बाजूला येशूचा बाप्तिस्मा, बाजूला बाप्तिस्मा देणारा योहान आणि वर पवित्र आत्म्याचं प्रतीक असलेलं कबुतर. गंमत म्हणजे येशू नदीत नाही तर कुंडासारख्याच भांड्यात कमरेपर्यंत उभा आहे, म्हणजे समोर चाललेला विधी आणि दगडातलं चित्र एकच! दुसऱ्या बाजूला आदम आणि हव्वेला एदेन बागेतून हाकललं तो प्रसंग. बाकी ड्रॅगनसारखे विचित्र प्राणी आणि वेलबुट्टी. पण लोक जातात ते लेखाची बाजू बघायला. तिथे एक पट्टी कोरलीय, पट्टीवर अक्षरं, आणि खाली वेलीच्या गुंत्यात एक छोटासा माणूस हातोडा-छिन्नी घेऊन नक्षी कोरत बसलाय.

लेख लॅटिनमध्ये नाहीये, चर्चमधली वस्तू असूनही. भाषा त्या वेळची लोकांच्या तोंडची इंग्रजी, आणि लिपी रून, म्हणजे उत्तर युरोपातली जुनी कोरीव अक्षरं, स्कँडिनेव्हियन वळणाची, मध्येच काही अक्षरं इंग्रजी पोथ्यांमधली घुसवलेली. या भागात व्हायकिंग काळात नॉर्स (स्कँडिनेव्हियातले) लोक येऊन राहिले होते त्याचा हा वारसा. मजकूर यमकात आहे आणि बोलतंय स्वतः कुंडच: रिकार्थनं मला घडवलं आणि मन लावून या शोभेला आणलं. बास, एवढंच. ना देवाचं नाव, ना पैसे देणाऱ्याचं. रिकार्थ म्हणजे रिचर्ड. डरहॅमच्या रिचर्ड नावाच्या कारागिराशी त्याचा संबंध जोडायचा प्रयत्न झालाय, पण नॉर्मन काळात रिचर्ड पैशाला पासरी असणार, तेव्हा नुसत्या नावावरून फार काही सिद्ध होत नाही असं मला वाटतं.

हा साधा मजकूर वाचायला विद्वानांनी मात्र भरपूर वेळ घेतला. इतिहासाचा जुना अभ्यासक विल्यम कॅमडेन यानं 'ब्रिटानिया' ग्रंथात या हिरवट दगडाच्या भांड्याची नोंद केली, ते जवळच्या पॅपकासलच्या रोमन किल्ल्याकडून आलं असं मानलं जायचं, लेख त्यानं छापला पण अर्थ काही लागला नाही. मग 1685 मध्ये विल्यम निकल्सन, जे नंतर कार्लाइलचे बिशप झाले, त्यांनी इतिहासाचे अभ्यासक सर विल्यम डगडेल यांना पत्र लिहून अर्थ लावून दाखवला: इथे एकार्ड नावाच्या माणसानं धर्म स्वीकारला आणि त्याचं बघून डेन (डेन्मार्ककडचे व्हायकिंग) लोकही धर्मात आले. रून अक्षरं म्हणजे डेन, कुंड म्हणजे धर्मांतर, एवढ्यावर अख्खा इतिहास उभा केला आणि रिकार्थ बिचारा त्यात गायबच झाला. बरोबर वाचन पुढे 19व्या शतकात पक्कं झालं, तेव्हा कुठे त्या हातोडीवाल्याला त्याचं नाव परत मिळालं.