फुफ्फुस प्रत्यारोपणातली भूल: धमनीला क्लॅम्प लागतो तेव्हा

माणसाचे पहिले फुफ्फुस प्रत्यारोपण जेम्स हार्डी यांनी 11 जून 1963 रोजी अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात केले. रुग्ण 18 दिवस जगला. पुढची वीसेक वर्षे श्वासनलिकेचा जोड उसवणे, जंतुसंसर्ग आणि शरीराने अवयव नाकारणे यांनी खाल्ली. टिकाऊ यश 1983 मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांच्या चमूला मिळाले. शरीराने अवयव नाकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिन तेव्हा हाताशी आले होते.

भुलीचे मुख्य साधन मात्र हार्डींच्याही आधीचे. कार्लेन्स यांची दोन मार्गांची नळी, म्हणजे प्रत्येक फुफ्फुसाला वेगळा श्वास देणारी श्वासनलिकेतली नळी, 1949 ची, आणि ती मुळात दोन्ही फुफ्फुसांची क्षमता वेगवेगळी मोजण्यासाठी होती. 1962 मध्ये रॉबर्टशॉ यांनी तिचे मार्ग रुंद केले. आजही बहुधा डाव्या बाजूची नळीच निवडतात, कारण उजव्या वरच्या खंडाची शाखा इतक्या लवकर फुटते की उजव्या नळीचा फुगा ती सहज बंद करतो. नुसत्या स्टेथोस्कोपवर विसंबणे धोक्याचे. नळीची जागा ब्रॉन्कोस्कोपने (श्वासनलिकेत पाहण्याच्या दुर्बिणीने) पाहावी, आणि रुग्णाला कुशीवर वळवल्यावर पुन्हा पाहावी.

खरी कसोटी जुने फुफ्फुस काढण्यासाठी त्याच्या धमनीला क्लॅम्प (चिमटा) लागतो तेव्हा. सगळे रक्त एकाच, तेही आजारी, फुफ्फुसातून जाऊ लागते आणि उजवे हृदय फुगते. ऑक्सिजन घटला किंवा कार्बन डायऑक्साइड साचला, की फुफ्फुस धमनीतला दाब आणखी चढतो. पूर्वी यावर हार्ट-लंग मशीन हाच उपाय होता. त्यासाठी प्रतिकिलो 300 ते 400 युनिट हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) लागे आणि रक्तस्राव आवरेनासा होई. नव्वदच्या दशकात श्वासावाटे नायट्रिक ऑक्साइड आले, साधारण 20 पीपीएम (दहा लाखांत 20 भाग). ते फक्त फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करते, अंगाचा रक्तदाब पाडत नाही. आता अनेक केंद्रांत मशीनची जागा एकमोने (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या यंत्राने) घेतली आहे. त्याला हेपरिन बरेच कमी पुरते, आणि गरज पडल्यास ते शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवता येते.

एम्फिसिमाच्या (फुफ्फुसातले वायुकोश फाटून सैल पडण्याच्या आजाराच्या) रुग्णात घात वेगळाच होतो: हवा आत अडकते, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी औषध शोधण्याआधी नळी व्हेंटिलेटरपासून क्षणभर सोडवून हवा बाहेर पडू द्यावी.

नवे फुफ्फुस जोडल्यावर क्लॅम्प एकदम काढत नाहीत. तो काही मिनिटे घेऊन हळूहळू सैल करतात. ऑक्सिजन शक्य तितका कमी, श्वास छोटे, आणि त्यांचे माप दात्याच्या शरीरावरून.