एमएस स्त्रीरोग फायनल : हॉल तिकीट कुठे अडतं आणि कोणते कागद कधी गोळा करायचे

प्रसूती व स्त्रीरोग विषयाच्या एमएस फायनलचे फॉर्म निघाले की बेळगावातल्या रेसिडेंट मुलामुलींचे दर वर्षी तेच प्रश्न येतात. फॉर्म भरणं अवघड नाही, अर्ध्या तासात होतं. गाडी अडते ती जोडायच्या कागदांपाशी. ते कागद फॉर्म निघाल्यावर धावपळ करून मिळत नाहीत, त्यातले बरेच पहिल्या-दुसऱ्या वर्षातच तयार व्हावे लागतात. तेव्हा फायनलच्या बॅचइतकंच हे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी लिहितोय.

आधी चौकट समजून घ्या. बिम्स (बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्था) हे सरकारी कॉलेज राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज केएलईच्या अभिमत विद्यापीठाखाली येतं. दोघांचे फॉर्म, फी आणि तारखा वेगळ्या, पण पात्रतेच्या मूळ अटी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीतून येतात, त्या दोघांनाही लागू. अटी बघायच्या तर नियमावली बघा, तारखा बघायच्या तर स्वतःच्या विद्यापीठाचं परिपत्रक. मैत्रिणीने व्हॉट्सअॅपवर टाकलेलं दुसऱ्या विद्यापीठाचं परिपत्रक आपलं समजून निवांत बसलेली मुलं दर वर्षी भेटतात.

सगळ्यात जास्त घोळ थिसिसच्या, म्हणजे कोर्समध्ये करायच्या संशोधन प्रबंधाच्या तारखेचा. नियम सांगतो की थिसिस परीक्षेच्या किमान ६ महिने आधी सादर झाला पाहिजे. हे ६ महिने लेखी परीक्षेपासून मागे मोजायचे. फॉर्मच्या शेवटच्या तारखेशी किंवा कोर्स संपण्याच्या तारखेशी त्यांचा संबंध नाही. परीक्षा डिसेंबरात असेल तर थिसिस जूनमध्ये विद्यापीठाकडे गेलेला हवा. ‘गेलेला’ म्हणजे गाईडची (मार्गदर्शकाची) सही, एचओडींची (विभागप्रमुखांची) सही, प्राचार्यांची सही आणि वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल, एवढं सगळं जोडून. सही करणारे परिषदेला किंवा रजेवर गेलेले असतात, आणि कॉलेजच्या कार्यालयात ‘उद्या या’ हे उत्तर तुम्हालाही मिळेलच. तीन आठवडे हातात ठेवा. सादर केलेला थिसिस परीक्षकांकडे जातो आणि तो स्वीकारला गेला तरच परीक्षेला बसता येतं, म्हणून दुरुस्तीसाठी परत येण्याचीही जागा धरून चला.

आता उलट बाजूने मोजा. सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), एथिक्स कमिटीची म्हणजे नैतिकता समितीची मंजुरी, मग डेटा. मंजुरीच्या आधी घेतलेला एकही रुग्ण मोजता येत नाही. कोर्स तीन वर्षांचा दिसतो, पण पहिले काही महिने मंजुरीत जातात, शेवटचे सहा थिसिस सादर झाल्यानंतरचे, मध्ये तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमाचे (जिल्हा रुग्णालयात काम करायचे), आणि लिहायला दोन-तीन महिने लागतातच. वर्षाला जेमतेम चाळीस रुग्ण मिळतील असा दुर्मीळ आजार थिसिसला घेऊ नका. विषय ठरवताना गाईडना हे स्पष्ट विचारा. त्यात उद्धटपणा नाही.

सीमाभागात एक अडचण खास आपली आहे. प्रसूतीला येणारी बाई खानापूरची, चंदगडची, निपाणीची असते, तशीच बैलहोंगल-सौंदत्तीची असते. संमतीपत्र तिला कळणाऱ्या भाषेत हवं, ही आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतली अट आहे. म्हणजे इंग्रजीसोबत कन्नड आणि मराठी दोन्ही प्रती लागतात आणि दोन्ही कमिटीकडून मंजूर व्हाव्या लागतात. होतं काय, कमिटी इंग्रजी मसुद्यात दुरुस्ती सुचवते, कन्नड प्रत लगेच सुधारली जाते, मराठी प्रत जुनीच राहते. वर आवृत्ती २ आणि नवी तारीख लिहिलेली कन्नड पानं, आणि आवृत्ती १ ची मराठी पानं, असा गठ्ठा तपासणीत सापडला की त्या मराठी रुग्णांचा डेटा वादात येतो. दुरुस्ती झाली की तिन्ही भाषांच्या प्रतींवर आवृत्ती आणि तारीख एकच आहे ना, हे स्वतः बघा. भाषांतराचं प्रमाणपत्रही फाईलला लावा.

सहीचंही तसंच. सज्ञान बाईच्या संमतीपत्रावर सही तिचीच हवी. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने केलेली चालत नाही, मग घरचे कितीही म्हणोत ‘आमची सही घ्या, तिला काय कळतंय’. लिहिता येत नसेल तर तिचा अंगठा, आणि शेजारी लिहिता-वाचता येणाऱ्या साक्षीदाराची सही. हा साक्षीदार तुमच्या अभ्यासातला डॉक्टर किंवा सिस्टर नसावा. आणि कृपा करून, कळा जोरात चालू असताना कागद पुढे करू नका. ती बाई कशावरही अंगठा देईल. प्रसूतीपूर्व तपासणीला ती ओपीडीत येते तेव्हा शांतपणे बोला, तिला घरी जाऊन विचार करू द्या.

संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स हा दुसरा मोठा खड्डा. आयसीएमआरच्या चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बीसीबीआर (जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत) कोर्स एनपीटीईएलच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर असतो. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं. परीक्षेसाठी वेगळा फॉर्म आणि वेगळी फी असते, आणि त्याची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. सगळे व्हिडिओ पाहिले, सगळ्या असाइनमेंट दिल्या, पण परीक्षेचा फॉर्म राहून गेला, मग प्रमाणपत्र नाही. पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागतं. तिसऱ्या वर्षात हे लक्षात आलेल्या मुलीचा चेहरा बघवत नाही. पहिल्याच वर्षी हे संपवा. नाव टाकतानाही काळजी घ्या, जसं टाकाल तसंच प्रमाणपत्रावर छापून येतं.

एथिक्सचा आणि जीवनरक्षक उपचारांचा कोर्स पहिल्या वर्षात होऊन जातो, त्यात फारसं काही अडत नाही. परिषदेतलं सादरीकरण किंवा शोधनिबंध यांचा पुरावा लागतो. प्रमाणपत्रावर सादर करणारे म्हणून तुमचंच नाव आहे ना, एवढं पाहा.

जिल्हा निवासी कार्यक्रम, म्हणजे डीआरपी, तिसऱ्या ते पाचव्या सत्रात ३ महिन्यांचा असतो आणि तो समाधानकारक पूर्ण केल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. काम चांगलं शिकायला मिळतं. पण प्रमाणपत्र आणि लॉगबुकवरची (केलेल्या कामाच्या नोंदवहीवरची) सही शेवटच्या दिवशीच घेऊन निघा. वर्षभराने गेलात तर सही करणारे अधिकारी बदलून गेलेले असतात आणि नवे म्हणतात, ‘मी तुम्हाला पाहिलंच नाही.’ त्यांचंही चूक नाही. त्या काळात थिसिसचे रुग्ण कोण घेणार, हे आधी गाईडशी बोलून ठेवा.

हजेरी ८० टक्के हवी. परवानगीपेक्षा जास्त रजा झाली तर तेवढ्या दिवसांनी कोर्स लांबतो. आपल्या विभागात मुली जास्त, त्यामुळे प्रसूती रजेचा प्रश्न दर बॅचला येतो. ही रजा तुमचा हक्क आहे. ती मागताना कुणी तोंड वाकडं केलं तर ते त्यांच्यापाशी, आणि आपल्याच विभागात असं होतं हे जास्त लागतं. फक्त हिशोब आधी करा. मुदत किती लांबते आणि त्यामुळे नियमित परीक्षा हुकून पुढची मिळते का, हे रजेवर जाण्याआधीच कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी ‘बघू नंतर’वर विसंबलेल्या मुलींना फॉर्मच्या आठवड्यात कळतं की यादीत आपलं नावच नाही.

कोल्हापूर, मिरज किंवा पुण्याहून एमबीबीएस करून आलेल्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. इथे प्रवेश घेतल्यावर कर्नाटक मेडिकल कौन्सिलची नोंदणी मागितली जाते आणि त्यासाठी महाराष्ट्राची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते. ती यायला वेळ लागतो. प्रवेश झाला त्याच आठवड्यात अर्ज टाका.

नावाचा घोळ मात्र आपल्याकडच्या सगळ्यांचा. कर्नाटकातल्या दहावीच्या मार्कशीटवर आद्याक्षरं, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, एमबीबीएसच्या पदवीवर आडनाव आधी, आणि लग्नानंतर बँकेत चौथंच. फॉर्मवर, थिसिसच्या मुखपृष्ठावर आणि बीसीबीआरवर एमबीबीएस पदवीवरचंच नाव ठेवा. एमएसची पदवी मिळेपर्यंत सासरचं नाव कुठेही लावू नका. आधीच लावलं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र फाईलला हवं.

परीक्षेचं थोडक्यात. लेखी पेपर ४, प्रत्येकी १०० गुणांचे : मूलभूत विज्ञान, प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोगशास्त्र, नवीन प्रगती. चारही मिळून ५० टक्के हवेत आणि प्रत्येक पेपरात किमान ४०. हा दुसरा भाग लोक विसरतात. ६२, ५८, ६६ आणि ३८ पडले तर बेरीज २२४, म्हणजे ५६ टक्के, तरी नापास. आणि हा ३८ बहुधा पहिल्या पेपरात येतो, कारण श्रोणीची शरीररचना, भ्रूणविज्ञान आणि संप्रेरकं ‘एमबीबीएसला झालंय’ म्हणून बाजूला राहतात. आठवड्यातली एक संध्याकाळ पहिल्या वर्षापासून त्याला द्या. प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेत वेगळे ५० टक्के लागतात, लेखीचे जास्त गुण तिकडे वळत नाहीत. प्रॅक्टिकलच्या लाँग केसला (सविस्तर तपासायच्या रुग्णाला) मिळालेली बाई कन्नड बोलणारी असू शकते, तेव्हा पाळी, कळा, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल यांबद्दल कन्नडमध्ये नीट विचारता येईल इतकी तयारी वॉर्डातच करा. सिस्टर आनंदाने शिकवतात.

प्रॅक्टिकलला लॉगबुक समोर ठेवावं लागतं. त्यावर एचओडींची सही दर महिन्याला घेत चला, शेवटी एकदम छत्तीस पानं पुढे केली तर कोणीही वैतागतो.