गुणवत्ता आणि वाटा: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सरकारी जागा भरताना गुणवत्ता पाहायची की समाजातल्या सगळ्यांना वाटा द्यायचा, हा वाद निघाला की बरेच जण एक गोष्ट गृहीत धरतात. आधी म्हणे निखळ गुणवत्ता होती, वाट्याची भानगड राजकारण्यांनी मागाहून घुसवली. इतिहासात हा क्रम सापडत नाही.

सुरुवात चीनपासून करावी लागते. सुई घराण्याच्या काळात, सहावं शतक संपून सातवं लागताना, तिथे परीक्षा घेऊन अधिकारी निवडायची पद्धत आली आणि मधले खंड धरून ती 1905 पर्यंत टिकली. बादशहांचा हेतू फार उदात्त होता असं नाही. पिढीजात सरदार घराणी डोईजड झाली होती. त्यांना शह द्यायला दरबाराचंच मीठ खाणारी माणसं हवी होती. पुढे सोंग घराण्याच्या राजवटीने तर वशिल्याची वाट बुजवायला उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायला लावलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून अख्खी उत्तरपत्रिका उतरवून काढत आणि परीक्षकाच्या हाती फक्त नक्कल पडे. आजच्या कित्येक भरती मंडळांनी शिकावं असा हा बंदोबस्त.

तरीही 1397 साली पेच पडलाच. मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू तेव्हा गादीवर होता. राजधानीतल्या परीक्षेचा निकाल लागला, तर उत्तीर्ण झालेले सगळेच्या सगळे दक्षिणेकडचे. उत्तरेच्या उमेदवारांनी पक्षपाताची ओरड केली. बादशहाने फेरतपासणी करवली, तर तपासणाऱ्यांनीही निकाल योग्यच ठरवला. बहुधा तो योग्य होताही. दक्षिणेत सुबत्ता होती, ग्रंथछपाई होती, शिकवणारे होते. उत्तर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या लढायांनी खंगलेली. पण मंगोलांकडून घेतलेल्या उत्तरेचा एकही माणूस निवडीत नाही, हे बादशहाला परवडणारं नव्हतं. परीक्षक आणि फेरतपासनीस यांच्यापैकी अनेकांना त्याने मृत्युदंड दिला, मुख्य परीक्षक ल्यू सानवू म्हातारा म्हणून हद्दपारीवर सुटला. मग नव्याने निवड झाली आणि या खेपेला सगळे उत्तरेकडचे निघाले. डोकं थंड ठेवून काढलेला तोडगा 1420 च्या दशकात आला: शंभरातल्या 55 जागा दक्षिणेला, 35 उत्तरेला, 10 मधल्या प्रांतांना. म्हणजे प्रांतवार राखीव जागा, सहाशे वर्षांपूर्वी, आणि त्याही परीक्षेच्या पोटातच.

युरोपात तेव्हा आणि पुढेही बराच काळ पदं विकत मिळत. फ्रान्समध्ये 1604 पासून ठरलेला वार्षिक कर भरत राहिलं, की न्यायाधीशाचं पदसुद्धा घरात वारशाने ठेवता येई. 1789 च्या क्रांतीने ते मोडलं. ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात अधिकारपदाची खरेदी 1871 पर्यंत राजरोस चालली.

ब्रिटनने खुली स्पर्धा आधी स्वतःच्या घरी नव्हे, हिंदुस्थानच्या कारभारासाठी लावली. 1853 च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा नेमणुका वाटण्याचा हक्क गेला आणि 1855 साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. मायदेशी बहुतेक खात्यांसाठी ती यायला 1870 उजाडलं. मेकॉले समितीने 1854 साली आखलेल्या योजनेत ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी 750 गुण होते, संस्कृत आणि अरबीला 375. हिंदुस्थानातले पहिले म्हणून सत्येंद्रनाथ टागोर 1863 साली ही परीक्षा पार करून गेले. कमाल वय सुरुवातीला 23 होतं, ते टप्प्याटप्प्याने 1878 पर्यंत 19 वर आणलं गेलं. हिंदुस्थानात परीक्षा द्यायची सोय झाली ती थेट 1922 साली. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच होती, हे खरं. कोणाला किती वाटा मिळणार हे ठरवायचं काम गुणांचा तक्ता, वयाची अट आणि जहाजाचं भाडं करत होतं.

अमेरिकेत गाडी उलट्या टोकाने आली. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी 1829 साली मांडलं, की सरकारी कामं इतकी साधी असतात की कोणताही समंजस माणूस ती करू शकतो, तेव्हा माणसं बदलत राहावीत. तत्त्व लोकशाहीचं होतं, पण त्याचा व्यवहार झाला तो निवडणूक जिंकलेल्या पक्षाने नोकऱ्या वाटून घेण्याचा. 1881 साली पॅरिसच्या वकिलातीतल्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्या एका निराश उमेदवाराने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली आणि काही आठवड्यांनी ते गेले. त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर न्यूयॉर्कच्या जकात कार्यालयातल्या अशाच वाटपातून वर आलेले. सरकारी जागा परीक्षेने भरायच्या असं सांगणाऱ्या 1883 च्या पेंडल्टन कायद्यावर सही त्यांचीच. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के जागा परीक्षेखाली आल्या. त्याच कायद्यात वॉशिंग्टनमधल्या जागा राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायची तरतूद होती. या कायद्याचे गोडवे गाताना हे कलम सहसा कोणी काढत नाही.

ही सगळी कथा नोकरशाहीची. राज्यकर्ते निवडायला अशी स्पर्धा परीक्षा लोकशाह्यांनी सहसा लावली नाही. मतदाराला मात्र चाळणी लावून पाहिली. ब्रिटनमध्ये विद्यापीठाच्या पदवीधरांना 1948 च्या कायद्यापर्यंत एक जादा मत होतं. अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांत साक्षरतेच्या चाचण्यांनी कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवलं. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने तिथे या चाचण्यांना चाप लावला. चाचणी घेणारा कारकून गोरा आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारही तोच.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने प्रशासकीय राष्ट्रीय शाळा काढली (1945), ती बड्या घरांची मक्तेदारी मोडायला. विद्यार्थ्यांसाठी एक परीक्षा आणि आधीच सरकारी सेवेत असलेल्यांसाठी दुसरी, अशा दोन वाटा तिला पहिल्यापासून होत्या. पुढे तिथूनच चार राष्ट्राध्यक्ष निघाले आणि शाळा हीच मक्तेदारी असल्याची तक्रार सुरू झाली. त्या चौघांतलेच एक, मॅक्राँ, यांनी 2021 साली ती बंद करायचं जाहीर केलं. 2022 पासून तिच्या जागी दुसरी संस्था आहे, आणि बेताच्या परिस्थितीतल्या उमेदवारांसाठी तिथे प्रवेशाची एक वेगळी परीक्षाही आहे.