इंडियानोला
अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या कॅल्हून काउंटीमधील, मॅटागोर्डा उपसागरावरचे नामशेष बंदर. एकेकाळी टेक्ससमध्ये गॅल्व्हस्टनच्या खालोखाल याच बंदराचे नाव घेतले जाई. आता तिथे जुन्या गावाचे म्हणून पाहण्यासारखे आहे ते दफनभूमीत. नाव पाहून भारत आठवतो, पण तो संबंध नाही. ‘इंडियन पॉइंट’ या मूळ नावातला पॉइंट काढून स्पॅनिश ‘ओला’, म्हणजे लाट, जोडली आणि १८४९ मध्ये इंडियानोला झाले, असे सांगतात.

इथे गावाआधी कबरी आल्या. डिसेंबर १८४४ मध्ये प्रिन्स कार्ल ऑफ सोल्म्स-ब्राउनफेल्स यांच्या पुढाकाराने जर्मन वसाहतकऱ्यांची पहिली जहाजे या किनाऱ्याला लागली. त्यांना पुढे आत, डोंगराळ मुलखात जायचे होते. पण १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पेटले आणि गाड्या व बैल लष्कराच्या कामाला गेले. हजारो माणसे तंबूंत आणि वाळूत खणलेल्या खड्ड्यांत अडकून पडली. ताप आणि हगवणीने शेकडो दगावली. जिथे मेली तिथेच पुरलेल्या या लोकांपैकी बहुतेकांच्या कबरीला आज खूण नाही. पुढे १८५३ व १८६७ च्या पीतज्वराच्या साथींनी त्यांत भर घातली.

नाव कोरलेल्यांत अँजेलिना एबर्ली ही खानावळवाली आहे. १८४२ मध्ये राजधानी ऑस्टिनमधील सरकारी दप्तर दुसरीकडे हलवायला माणसे आली, तेव्हा त्यांना अडवायला तिने तोफेला बत्ती देऊन गाव जागे केले. ऑस्टिनच्या भर रस्त्यात तिचा पुतळा आहे. ती वारली मात्र इंडियानोलात, १८६० मध्ये.

बंदराचे दिवस भरभराटीचे होते. १८५६ मध्ये लष्करी प्रयोगासाठी आणलेले ३४ उंट इथेच उतरले. १८७५ मध्ये वस्ती सुमारे ५,००० होती. त्या सप्टेंबरात टेलर आणि सटन घराण्यांच्या वैरातला खुनाचा खटला ऐकायला बाहेरगावचे लोकही आले होते, आणि नेमके तेव्हाच चक्रीवादळ आले. तुरुंगात पाणी शिरू लागले म्हणून कैदी सोडावे लागले. आरोपी बिल टेलर त्या गोंधळात पळून गेला. मृतांचे आकडे १५० ते ३०० असे दिले जातात.

समुद्रसपाटीपासून जेमतेम वर असलेल्या त्या पट्टीवर लोकांनी पुन्हा घरे उभारली. हट्ट म्हणावा तर बंदरावाचून पोट कसे भरणार हाही प्रश्न होताच. २० ऑगस्ट १८८६ च्या वादळात मात्र कोसळलेल्या इमारतीतल्या दिव्याने आग लागली, आणि पाण्यातून वाचले ते बरेचसे जळाले. काउंटीचे ठाणे पोर्ट लव्हाका येथे गेले. घरांच्या फळ्या सोडवून लोकांनी त्या क्वेरो आणि व्हिक्टोरियाला नेल्या. १८८७ मध्ये टपाल कार्यालयही बंद झाले.

दफनभूमी किनाऱ्यापासून थोड्या आत असल्याने राहिल्या. किनारा मागे सरकत गेला असून जुन्या न्यायालयाच्या पायाची जागा आता किनाऱ्यापासून सुमारे ३०० फूट दूर, पाण्यात आहे.