सवलत कोण कोणाला देतंय? केबिन क्रूच्या कमी पगाराच्या कराराची पार्श्वभूमी

डबघाईला आलेली विमान कंपनी केबिन क्रूपुढे कमी पगाराचा करार ठेवते, तेव्हा तो कागद नागपुरात मनीषनगर-सोनेगावकडच्या घरांतही पोहोचतो. पोरगी नोकरीला मुंबई नाहीतर दिल्ली बेसला, आणि तिच्या पगारावर काढलेलं फ्लॅटचं कर्ज इथलं. त्यामुळे रात्री फोन स्पीकरवर टाकून सगळं घर तो ईमेल वाचतं. बेसिकला हात लावलेला नसतो. कमी होतात ते हमीचे उड्डाण-तास (उडालं नाही तरी ज्यांचा पैसा मिळतो ते), लेओव्हरचा म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता. पगाराचा मोठा भाग त्यातूनच येतो, हे कंपनीलाही ठाऊक असतं.

अशा करारांना 'सवलतीचा करार' म्हणण्याची पद्धत आहे. शब्द फसवा आहे. आपल्याकडे सवलत मिळते ती एसटीत, नाहीतर कॅन्टीनमध्ये. इथे पगारदार माणूस मालकाला सवलत देतो.

ही तऱ्हा अमेरिकेत रुजली. 1978 मध्ये तिथली हवाई वाहतूक सरकारी नियंत्रणातून सुटली. 1983 मध्ये एका कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज करून युनियनचे करारच मोडीत काढले. 1984 मध्ये कायदा बदलला आणि करार रद्द करायला न्यायालयाची परवानगी लागू लागली. पण आठवणीत राहिलं ते 2003. एका मोठ्या कंपनीच्या केबिन क्रूकडून वर्षाला 34 कोटी डॉलरची कपात मागितली होती. क्रूच्या मतमोजणीत नकार आला, मग मतदानाची मुदत एक दिवस वाढवली आणि होकार आला. काही दिवसांतच वरच्या साहेबांसाठी वेगळे बोनस ठेवल्याचं उघड झालं आणि मुख्याधिकाऱ्याला जावं लागलं. एवढं करूनही तीच कंपनी 2011 च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीत गेलीच.

आपल्याकडे असं मतदान सहसा होत नाही, ईमेल येतो. ऑक्टोबर 2008 मध्ये एका खासगी कंपनीनं सुमारे 1,900 जणांना काढलं आणि गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी परत घेतलं. तेव्हा नागपूरच्या बर्डीवर एअर होस्टेस ट्रेनिंगच्या पाट्या झळकत होत्या, त्यांच्या फीच्या पावत्या काही घरांत अजून असतील. त्याच कंपनीनं 2018 च्या ऑगस्टमध्ये 25 टक्क्यांपर्यंत पगार कमी करायचा प्रस्ताव मांडला. वैमानिकांनी नाही म्हटलं, कंपनीनं माघार घेतली. 17 एप्रिल 2019 ला तिचं शेवटचं विमान उडालं. वैमानिकांनी मान्य केलं असतं तर ती वाचली असती, असं म्हणणारे अजून भेटतात. मला ते पटत नाही. विमानांची भाडी थकलेली कंपनी पगारातल्या कपातीवर किती दिवस चालणार?

करारातली खरी मेख 'कपात' आणि 'स्थगिती' या दोन शब्दांत आहे. कपात झाली की तो पैसा संपला. स्थगिती असेल, म्हणजे पगार पुढे ढकलला असेल, तर तो कंपनीवरचा कर्जाचा आकडा ठरतो. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यानुसार कंपनी मोडीत निघाली, तर कामगारांची मागच्या 24 महिन्यांची थकबाकी तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँकांच्या बरोबरीनं धरली जाते. 'कामगार' नसलेल्या कर्मचाऱ्यांना फक्त 12 महिन्यांची मिळते, तीही बँकांच्या मागून. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा निधी या वाटपाच्या बाहेर राहतो, तेवढाच काय तो दिलासा.

म्हणून केबिन क्रू 'कामगार' आहे का, हा प्रश्न नुसता शब्दांचा राहत नाही. ट्रॉली ढकलणारी मुलगी त्या व्याख्येत बसते असं धरलं, तरी सिनियरला बढती देऊन 'एक्झिक्युटिव्ह' म्हटलं की वाद सुरू होतो. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात महिन्याला 10,000 रुपयांहून जास्त पगाराचा पर्यवेक्षक 'कामगार' धरला जात नसे, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा 18,000 आहे. सिनियर क्रू दोन्हींच्या पलीकडे जातो.

स्थगितीतही 'कंपनी नफ्यात आल्यावर देऊ' असं वाक्य असेल, तर रक्कम देय झालीच नाही, असं म्हणायला कंपनी मोकळी. स्थगिती लांबत गेली, तर जुने महिने 24 च्या बाहेर पडतात. सही करण्याआधी परतफेडीची तारीख मागावी ती यासाठी.

आणि वाटायला उरतं तरी काय? विमानं बहुतेक भाड्याची असतात. मे 2023 मध्ये एका कंपनीची उड्डाणं थांबली, तेव्हा दिवाळखोरीत कंपनीकडची मालमत्ता कोणालाही नेता येत नाही या संरक्षणामुळे भाड्यानं देणाऱ्यांची विमानं अडकली. 3 ऑक्टोबर 2023 च्या अधिसूचनेनं विमानं आणि इंजिनं त्या संरक्षणातून बाहेर काढली. आता ती मालकांना लवकर नेता येतात.

नागपूरकरांना बंद पडलेला कारखाना माहीत आहे. 1877 ची एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली. पण तिच्या नावावर शहराच्या मध्यावर जमीन होती, आज तिथे मॉल उभा आहे. विमान कंपनीकडे उरतात युनिफॉर्म, ट्रॉल्या आणि विमानतळावरचे भाड्याचे काउंटर.