दिल्लीतले गेम्स म्हणजे नेमके कोणते? एशियाड आणि कॉमनवेल्थची गल्लत

‘दिल्लीत गेम्स झाले होते ना, तेव्हाची गोष्ट,’ असं कोणी बोलायला लागलं की आधी विचारून घ्यावं लागतं: कोणते गेम्स? 1951 आणि 1982 ला दिल्लीत झाली ती आशियाई क्रीडा स्पर्धा, म्हणजे एशियाड. 2010 ला झाली ती राष्ट्रकुल स्पर्धा, म्हणजे कॉमनवेल्थ. चिपळूण-रत्नागिरीकडच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं ही गल्लत करतात आणि कबड्डीच्या मैदानाकडेला बसणारी जाणती मंडळीही करतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. 1954 पासून दोन्ही स्पर्धा चार-चार वर्षांनी, आणि बहुतेक वेळा एकाच वर्षी होत आल्या आहेत.

1958 चंच बघा. मिल्खा सिंग यांनी टोकियोच्या एशियाडमध्ये 200 आणि 400 मीटर जिंकलं आणि त्याच वर्षी कार्डिफच्या कॉमनवेल्थमध्ये 440 यार्डांचं सुवर्ण घेतलं. सांगणारा ही सगळी पदकं एकाच शहरात नेऊन ठेवतो. 1982 मध्ये कॉमनवेल्थ ब्रिस्बेनला झाली आणि त्यानंतर नोव्हेंबरात एशियाड दिल्लीला. 2010 मध्ये उलट झालं. ऑक्टोबरात दिल्लीत कॉमनवेल्थ, नोव्हेंबरात चीनच्या ग्वांगझोला एशियाड.

मैदानंही तीच. जवाहरलाल नेहरू स्टेडियम 1982 साठी बांधलं आणि 2010 साठी त्याचं नूतनीकरण केलं. हॉकीचं नॅशनल स्टेडियम तर दोन्ही वेळा आपल्या जिव्हारी लागलं. 1982 च्या एशियाडच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने तिथे आपल्याला 7-1 ने हरवलं आणि 2010 च्या कॉमनवेल्थच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने 8-0 ने. लक्षात ठेवायला खूण हवी असेल तर शुभंकराची ठेवा. हत्तीचं पिल्लू अप्पू एशियाडचं, वाघ शेरा कॉमनवेल्थचा.

मला मात्र खरा फरक यजमान शहरांच्या यादीत दिसतो. दोन्ही स्पर्धांची सुरुवात 11 देशांनी झाली, पण कॉमनवेल्थची पहिली पायरी होती 1930 चं कॅनडामधलं हॅमिल्टन आणि स्पर्धेचं नाव होतं ब्रिटिश एम्पायर गेम्स. साम्राज्याचे खेळ, साम्राज्याच्या शहरात. एशियाडची पहिली पायरी होती 1951 ची दिल्ली. स्वतंत्र होऊन चार वर्षं झालेला देश क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधींच्या पुढाकाराने अख्ख्या खंडाला आपल्या घरी बोलावत होता. एका स्पर्धेत आपण दुसऱ्याच्या अंगणात खेळायला गेलो, दुसरीचं अंगणच आपण सारवलं. हा फरक मला पदकांच्या कुठल्याही तक्त्याहून मोठा वाटतो.

त्या सुरुवातीची छाप पुढच्या यादीवरही आहे. 1930 ते 2022 या काळात कॉमनवेल्थ 22 वेळा भरली. त्यातल्या 19 वेळा यजमानपद ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंड या चारच देशांत राहिलं: लंडन, सिडनी, ऑकलंड, व्हँकुव्हर, कार्डिफ, पर्थ, एडिंबरा अशी ती नावं. बाहेर गेली ती तीनदाच. 1966 ला जमैकाचं किंग्स्टन, 1998 ला क्वालालंपूर आणि 2010 ला दिल्ली. आफ्रिकेतल्या एकाही शहरात ही स्पर्धा झालेली नाही. 1934 ची जोहान्सबर्गला व्हायची होती, पण तिथे गौरेतर खेळाडूंना मिळणाऱ्या वागणुकीमुळे ती लंडनला हलवली. भारत पहिल्यांदा उतरला तो याच लंडनच्या स्पर्धेत. 2022 ची डर्बनला दिलेली होती, पैशांची आणि तयारीची तोंडमिळवणी होईना म्हणून ती बर्मिंगहॅमला गेली. कॉमनवेल्थमध्ये आफ्रिकेचे इतके देश असताना ही जागा रिकामी राहावी, याचं मला वाईट वाटतं.

परीक्षार्थींसाठी आणखी एक फसवी जागा आहे. 1994 चं व्हिक्टोरिया हे कॅनडामधलं शहर. 2026 चं यजमानपद घेऊन 2023 मध्ये खर्चाच्या कारणाने सोडून देणारं व्हिक्टोरिया हे ऑस्ट्रेलियातलं राज्य.

एशियाडच्या यादीत सुरुवातीला राजधान्याच राजधान्या आहेत: दिल्ली, मनिला, टोकियो, जकार्ता, बँकॉक, तेहरान, सोल, बीजिंग. नव्याने उभे राहणारे देश जगाला आपलं मुख्य शहर दाखवत होते. राजधानी नसलेलं पहिलं शहर आलं ते 1994 मध्ये, आणि ते होतं हिरोशिमा. मध्ये कोणाला खर्च झेपेना की बँकॉक धावून यायचं. 1970 ला सोलने माघार घेतली तेव्हा बँकॉक. 1978 ला आधी सिंगापूर आणि मग इस्लामाबाद मागे हटलं तेव्हाही बँकॉक. एकूण चार वेळा त्या शहराने ही स्पर्धा भरवली.

1962 चं जकार्ता मात्र थांबून वाचण्यासारखं आहे. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश दिला नाही. सोंधींनी उघड भूमिका घेतली की मग या स्पर्धेला आशियाई म्हणता येणार नाही. त्यावरून जकार्तात लोक भडकले, भारतीय दूतावासावर हल्ला झाला. अशा वातावरणात आपला फुटबॉल संघ अंतिम सामन्यात उतरला, प्रेक्षकांचा गदारोळ सहन करत खेळला आणि दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून सुवर्ण घेऊन आला. आपल्या फुटबॉलची ही कहाणी शाळाशाळांत सांगायला हवी. कॉमनवेल्थलाही राजकारण चुकलेलं नाही, 1986 च्या एडिंबरावर 32 देशांनी बहिष्कार टाकला होता. पण यजमानाच्या आणि पाहुण्याच्या नात्याची एवढी कसोटी क्वचितच लागली असेल.

आपल्या किनाऱ्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे, आणि तो एशियाडशी आहे. 1982 ची स्पर्धा दिल्लीची म्हणून ओळखली जात असली तरी शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबई बंदरात झाल्या. दिल्लीत समुद्र कुठून आणणार? रेवस-मांडव्याच्या लाँच जे पाणी कापत जातात, त्याच बंदराच्या पाण्यात फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या होडीच्या प्रकारात सुवर्ण जिंकलं. एस.टी.च्या निमआराम गाडीला आपण वर्षानुवर्षं ‘एशियाड’ म्हणत आलो तेही याच स्पर्धेमुळे. राष्ट्रकुलाची खूण शोधायची तर घाट चढून पुण्याला जावं लागतं. 2008 ची राष्ट्रकुल युवा स्पर्धा बालेवाडीला झाली होती.

दुसरा धागा कबड्डीचा. 1990 च्या बीजिंगपासून कबड्डी एशियाडमध्ये पदकाचा खेळ आहे, महिलांची 2010 च्या ग्वांगझोपासून. कॉमनवेल्थमध्ये मात्र तिला पदकाच्या खेळाचं स्थान मिळालेलं नाही. म्हणून रायगड-रत्नागिरीच्या मातीत दम घुमवणारं पोरगं भारताच्या जर्सीचं स्वप्न बघतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एशियाड असतं. 2022 ची हांगझोची स्पर्धा करोनामुळे 2023 मध्ये झाली. तिथे भारताचं शंभरावं पदक आलं ते आपल्या महिला कबड्डीपटूंच्या सुवर्णाचं.

शंभरीवरूनही घोळ होतो. 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये 101 पदकं मिळाली, 38 सुवर्णांसह आपण दुसरे आलो. हांगझोलाही शंभरी ओलांडली, पण 28 सुवर्णांसह चौथे. कारण साधं आहे. कॉमनवेल्थमध्ये चीन, जपान, कोरिया नसतात. तिथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगवेगळे उतरतात आणि डोंगराएवढं आव्हान ऑस्ट्रेलियाचं असतं. एशियाडचं चौथं स्थान मी कॉमनवेल्थच्या दुसऱ्याहून वरचं मानतो.

2030 ला पुन्हा गोंधळ होणार आहे. त्या वर्षी एशियाड दोहाला आणि कॉमनवेल्थ अहमदाबादला, हॅमिल्टननंतर बरोबर शंभर वर्षांनी. काही खेळ निवडण्याची मुभा यजमानाला असते. तिथे कबड्डी यावी असं मला मनापासून वाटतं.

त्याआधी 2026 चं वेळापत्रक नीट लिहून ठेवा. कॉमनवेल्थ ग्लासगोला, 23 जुलै ते 2 ऑगस्ट. व्हिक्टोरियाने सोडलेली ही स्पर्धा दहाच खेळांची, त्यात हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, नेमबाजी नाही. एशियाड जपानच्या आइची-नागोयाला, 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर. गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरची, म्हणजे चाकरमानी गावाला असतानाच ही स्पर्धा सुरू होते.